जन्मतः नागरिक

पुण्यात जन्मलेली मुलगी अमेरिकेची राष्ट्राध्यक्ष होऊच शकत नाही, असं निशिकांतने जेवताना लेकीला चौथ्यांदा सांगितलं आणि आमटी वाढून घेतली. क्षिप्राला हसावं की रडावं कळेना. शुक्रवारी तिच्या ज्युनियर कॉलेजात वादविवाद होता, विषय हाच, आणि उदाहरण म्हणून ती स्वतःलाच उभी करणार होती. जन्म पुण्याचा, वाढली सिंगापुरात, पासपोर्ट अमेरिकेचा.

मुद्दा अगदी सरळ होता. तिची आई सुलेखा न्यू जर्सीत जन्मलेली. अशा अमेरिकन आईचं मूल परदेशात झालं तरी जन्मतःच अमेरिकन, आणि राष्ट्राध्यक्ष व्हायला जन्मतः नागरिक असावं लागतं. यात बाबाला काय खुपत होतं, देव जाणे. एरवी लेक शिंकली तरी कौतुक करणारा माणूस. पण चार दिवस एकच धोशा, कायदा धूसर आहे, तू दुसरं उदाहरण घे. का, ते विचारलं तर ताकास तूर लागू देईना. सुलेखा मान खाली घालून भात कालवत बसलेली. क्षिप्राला दोघांचाही भयंकर राग आला.

कागदच दाखवते, म्हणत ती उठली. सिंगापूरच्या बुकित बातोक भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये कुलपाचं कपाट एकच, आणि त्याची किल्ली निशिकांतकडे. तिने हात पुढे केला. आधी जेव तरी, असं तो पुटपुटला. मग त्याने सुलेखाकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान हलवली, तेव्हा कुठे त्याने किल्ली दिली.

नागरिकत्वाचा दाखला पहिल्याच फाइलमध्ये होता. नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर. खालची ओळ मात्र क्षिप्राने तीनदा वाचली.

"बाबा, माझा जन्म दोन हजार आठचा. इथे लिहिलंय, नागरिक झाले दोन हजार अकरात. मग तीन वर्षं मी कोण होते? ऑफिसवाल्यांची चूक आहे ना ही?"

निशिकांतने ताट बाजूला सारलं. सुलेखा उष्ट्या हातानेच उठून तिच्याजवळ आली.

"चूक नाही गं," ती म्हणाली. "आमच्या घरात तू तीन वर्षांची असताना, माझं बोट धरून चालत आलीस."