वाटणीतून राहिलेली मोरवेल

वाटण्यांत पाट्या-वरवंट्यापर्यंत सगळं वाटलं गेलं, मोरवेलीचं तेवढं कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग मधे भिंत उभी राहिली. मूळ राहिलं थोरल्या रंगनाथच्या परसातल्या सावलीत. वेल मात्र उन्हाच्या ओढीने भिंतीवरून धाकट्या भावाच्या अंगणात उतरली आणि दरवर्षी तिकडेच पांढरीशुभ्र फुलू लागली.

"पाणी आपण घालायचं अन् फुलं त्यांच्या गौरीला!" रंगनाथची बायको धुसफुसायची. "एकदाची तोडून टाका."

यंदा लेकीच्या बाळंतपणासाठी दोघं भर उन्हाळ्यात महिनाभर परगावी राहिली. वेल वाळली असेल, ब्याद टळली असेल, असं वाटेत रंगनाथने स्वतःला बजावलंही. तरी घरात पिशव्या टाकून तो आधी परसातच गेला.

मुळाशी माती ओली होती. भिंतीतली खालची एक वीट काढलेली होती. तो वाकला, तेवढ्यात त्या भोकातून तांब्याचं तोंड पुढे आलं आणि भसकन पाणी सांडलं.

"असं एकदम ओतू नकोस," भिंत झाल्यापासून पहिल्यांदाच तो भावाशी बोलला. "माती वाहून जाते."

तांब्या थबकला. मग पलीकडून पाणी बारीक धारेने येऊ लागलं.