तीन हाका

पिंगळीच्या कापसाच्या जिनिंगमधला जुना कॉम्प्युटर सुरू होईस्तोवर मालक आबासाहेबांचा चहा पिऊन व्हायचा, वर तंबाखूही मळून व्हायची. एक दिवस ते नव्या ऑपरेटरवर, सितारामवर, वैतागले.

"आपोआप चालू होणारं जे जे बिनकामाचं हाय, ते समदं काढून टाक!"

सितारामनं पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ काढलं, कॅलेंडर काढलं. एका प्रोग्रामपाशी मात्र तो अडला. मशीन चालू करणाऱ्याला तो तीनदा नाव विचारायचा आणि तिसऱ्यांदा नाव टाकल्यावरच पुढं सरकायचा.

"हे कशाला हो, मालक?"

"आधीच्या ऑपरेटरचं, आश्रुबाचं खूळ. बाहेरचं काही असलं तर ते दोनदाच हाक मारतंय म्हणं, तिसरी मारत न्हाई. म्हणून तिसऱ्या हाकेबिगर ओ द्यायची न्हाई, माणसानं बी अन् मशीननं बी!" आबासाहेब हसले. "लय भित्रा गडी. काढ ते."

सितारामनं तेही काढलं, मशीन बंद केलं आणि पुन्हा बटन दाबलं. काही न विचारता पडदा झटक्यात उजळला. तो खुशीत हात चोळत होता, तेवढ्यात मागून हाक आली, "सिताराम!"

"ओ, आलो!" म्हणत तो उठलासुद्धा.

समोर बसलेल्या आबासाहेबांचा तंबाखू मळणारा अंगठा जागीच थांबला. हंगाम कधीच संपला होता. मागं होतं ते फक्त कुलूप लावलेलं गोदाम.

दोघंही कान टवकारून दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिले. ती काही आली नाही. आता ती बिनकामाची होती.