कडू हात

"अहो आई, मान हलवू नका. मनात आलं की उजव्या हाताने बटण दाबायचं, एवढंच," म्हणत मुग्धाने सासूच्या डोक्यावरची तारांची टोपी नीट बसवली. मेंदू हाताला हुकूम कसा देतो, यावर सुनेचा अभ्यास चालला होता. माणसं कमी पडली म्हणून नलूताई प्रयोगशाळेत आल्या होत्या.

चाळीसदा बटण दाबून झालं. पडद्यावरच्या रेघा बघताना मुग्धा थबकली. "अर्जावर तुम्ही 'उजवा हात' लिहिलंय. पण तुम्ही जन्माच्या डावखुऱ्या ना?"

नलूताई चपापल्या. हे त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. "लहानपणी आई माझ्या डाव्या हाताला कडुनिंबाचा पाला चोळायची. घास कडू लागला की खोड मोडेल म्हणे. मोडली. तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या मेंदूने. उजवा हात हलायच्या आधी, दर वेळी, डावा हात हलवणारा भाग जागा होतो. मग थांबतो."

"अजून?" नलूताईंनी मांडीवरचा डावा हात उजव्याने कुरवाळला. "साठ वर्षं तयार होऊन बसतोय, वेडा."

मुग्धाने डब्यातला पेढा पुढे केला. उजवा हात सवयीने उठला, तो नलूताईंनी मागे घेतला.

"प्रसादाचा नाही ना गं?"

"नाही, कोपऱ्यावरच्या दुकानातला."

"मग ह्याला दे," डावा तळवा पसरत त्या म्हणाल्या. "ह्याला आजवर कडूच ठाऊक आहे."