ओल्या वेण्या

डॉक्टरीणबाई सुलभाच्या लेकीचा एकेक केस भिंगातून बघत होत्या आणि सुलभाला खुर्चीत स्वस्थ बसवत नव्हतं.

"लिखाच आहेत हो! शेजारच्या कस्तुरीकडून आल्यात. तिच्या आईला मी चारचौघांत चांगलं सुनावलं. रोज विंचरून काढते, तरी मेल्या पुन्हा हजर!"

डॉक्टरीणबाईंनी एक केस चिमटीतून ओढला. पांढरी, मऊ गाठ अलगद सुटून बोटावर आली. "लीख केसाला घट्ट चिकटलेली असते, अशी सहज निघत नाही. ही बुरशी आहे. केस ओलेच बांधता का हिचे?"

इतका वेळ चुळबुळणाऱ्या सुलभाने हातातल्या लेकीच्या ओलसर रिबिनी पटकन पर्समध्ये कोंबल्या. शाळेच्या घाईत रोज ओल्याच केसांच्या करकचून वेण्या तीच तर घालायची.

"आई," लेकीने विचारलं, "मग कस्तुरीच्या डोक्याचा चकोट उगाचच केला तिच्या आईने?"