अंघोळीपुरतं पाणी

सुनेने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. खग्रास सूर्यग्रहण बघायला तिला वाळवंटात तंबू ठोकायचा होता. माझ्या मुलाला रजा नव्हती, आणि एकटीने जायचा तिला धीर होईना.

“आईंना विचारू का?”

मुलगा हसला. “ग्रहणात ती खिडकी तरी उघडते का?”

खरंच होतं. रोज सकाळी सूर्याला अर्घ्य देणारी मी, ग्रहण लागलं की दार लावून जप करते.

“मी येते,” मी म्हणाले. “रोज ज्याला हात जोडते, त्याच्या अवघड वेळी घरात का दडू? जप तिथेही होईल.”

सून हरखली आणि लगेच थबकली. “पण आई, ग्रहण सुटल्यावर तुम्हाला अंघोळ लागते. तिथे पाणीच नाही!”

“मग बघ की, कुठे मिळतं ते.”

तंबूची खूण खोडून ती नकाशावर विहिरी शोधू लागली.