वायर न लावता

यागासाकींच्या कारखान्यात जुन्या ब्लँकेटवर दोन गिटारी शेजारी शेजारी पडल्या होत्या, आणि समोर बसलेल्या कुसाकाबेंचा उजवा पाय काही केल्या थांबत नव्हता.

एक चेरीच्या लाकडाची, लालसर. दुसरी मेपलची, फिकट. दोन्ही इलेक्ट्रिक, दोन्ही हाताने घडवलेल्या. यागासाकी वर्षाला सहाच गिटारी करीत आणि गिऱ्हाइकापुढे नेहमी दोन ठेवीत. एक निवडायची. उरलेली यादीतल्या पुढच्या माणसाला जाई. सध्या पुढे नागोयाचे एक दंतवैद्य होते. त्यांना कुठलीही चालणार होती. कुसाकाबेंनी पाच वर्षं वाट पाहिली होती. त्यांना कुठलीही चालणार नव्हती.

परतीची बस चार दहाची. साडेतीन कधीच होऊन गेले होते.

त्यांनी लाल गिटार छातीशी धरली, एक तार हलकेच छेडली आणि मान वाकवून गिटारच्या शिंगासारख्या टोकावर दात टेकवले. डोळे मिटले. मग फिकट घेतली. पुन्हा दात. मग परत लाल.

यागासाकी वीस मिनिटं अॅम्प्लिफायरची वायर हातात धरून उभे होते.

"लावू?"

"थांबा जरा."

यागासाकींच्या पत्नी फुसाएबाई चहा आणि लोणचं घेऊन आल्या. पाहुण्यांकडे त्यांनी एकवार नीट पाहिलं.

"भूक लागली असेल तर हे चावा हो," बशी पुढे सरकवत त्या म्हणाल्या. "ते लाकूड आहे."

"नाही, नाही. ऐकतोय मी. दातातून आवाज हाडात जातो."

"वायर लावली की कानात जातो," यागासाकी म्हणाले. "लोक तसंच करतात."

कुसाकाबेंनी गिटार खाली ठेवली. टोकियोतल्या एका पंपांच्या कंपनीत ते उपविभागप्रमुख होते. चूक कबूल करताना बैठकीत खाकरत, तसे खाकरले.

"खरं सांगायचं तर मी वायर लावत नाही. आमच्या इमारतीत वाद्यांना बंदी आहे. भिंती पातळ."

"कधीच नाही?"

"सव्वीस वर्षं झाली."

यागासाकींनी गिटारच्या पोटाकडे पाहिलं. तिथे आवाज पकडायला केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सात हजार वेढे होते. ते त्यांनी स्वतः, श्वास रोखून, एकेक करून गुंडाळले होते.

"मग माझ्याकडे कशाला आलात? सफरचंदाचं खोकं घ्यायचं, वर तार ताणायची."

"अहो, असं काय बोलता!" फुसाएबाई म्हणाल्या, आणि पाहुण्यांकडे वळल्या. "हेडफोन लावा की."

"लावून पाहिला. हेडफोन घातला की दारावरची थाप ऐकू येत नाही. मग सारखं वाटतं, थाप पडतेय."

"कोण मारतं थाप?"

"अजून कोणी मारलेली नाही." पाय जोरात हलू लागला. "पण राहायला आलो त्याच आठवड्यात दाराला चिठ्ठी होती. आवाज कमी करा म्हणून. गिटार तेव्हा खोक्यातच होती हो. मी कपाट सरकवत होतो."

यागासाकींनी अॅम्प्लिफायर चालू केला. मग त्यांनी लाल गिटारीला वायर लावली आणि ती कुसाकाबेंच्या मांडीवर ठेवली.

"एकदा मोठ्याने वाजवल्याशिवाय मी कुणाला निवडू देत नाही. नियम आहे."

"पलीकडे कोण राहतं?"

"सफरचंदं. चारी बाजूंनी. चाळीस वर्षांत एकानेही तक्रार केलेली नाही."

कुसाकाबेंनी घड्याळ पाहिलं, डावीकडची भिंत पाहिली, आणि सहाही तारांवरून हात फिरवला.

खिडकीच्या काचा थरथरल्या. लोणच्याची बशी बोटभर सरकली. भिंतीवर टांगलेली करवत गुणगुणू लागली. सूर आला, आणि गेलाच नाही. सव्वीस वर्षं त्यांना तारेची नुसती टकटक ठाऊक होती. ती संपल्यावर पुढे एवढं सगळं असतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांचा पाय थांबला होता. ते फक्त फुसाएबाईंच्या लक्षात आलं.

खट्.

कुसाकाबेंनी तळहात तारांवर दाबला. "थाप पडली?"

"मी कप ठेवला," फुसाएबाई म्हणाल्या.

यागासाकी मात्र हसत होते. त्यांनी गिटारीची पेटी उघडून समोर ठेवली. "तर मग हीच ना?"

"नाही." दुसऱ्याचं मूल परत द्यावं तशी कुसाकाबेंनी लाल गिटार दोन्ही हातांनी पुढे केली. "ती फिकट द्या."

"ती तर तुम्ही ऐकलीही नाहीत!"

"म्हणूनच. हिला आता घरी नेऊन गप्प बसवणं मला जमायचं नाही."

यागासाकींनी तोंड उघडलं. "अहो, त्यांची बस चुकेल," फुसाएबाई म्हणाल्या, आणि यागासाकींनी ते मिटलं. फिकट गिटार पेटीत गेली.

बसथांब्यापर्यंत बागांमधून सात मिनिटांचा रस्ता. कुसाकाबे अर्ध्यावर पोचले असतील, तेवढ्यात मागून तोच सूर आला. लाल गिटारीचा. म्हाताऱ्याने आवाज पूर्ण सोडला होता.

कुसाकाबे थांबले. त्यांनी डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. मग पेटी हळूच रस्त्याच्या कडेला ठेवली, सफरचंदाच्या झाडांकडे तोंड केलं आणि ते कमरेत वाकले.

"माफ करा," ते म्हणाले.

सूर संपेपर्यंत ते तसेच वाकून उभे राहिले. सूर संपत नव्हता.