मागची सीट

पाहुण्यांना विमानात बसवून ओन्काबेत्से रिकामी जीप घेऊन जंगलातल्या सफारी कॅम्पकडे परतत होता. बॉनेटवर बसवलेल्या खुर्चीत प्राण्यांचा माग काढणारा म्हातारा थुसो बसला होता.

वाटेतली इम्पाला हरणं एकदम फुरफुरली, सिंह दिसल्यावर फुरफुरतात तशी. सगळ्यांची नजर जीपच्या मागच्या सीटवर होती. ओन्काबेत्सेनं वळून पाहिलं. सीट रिकामी होती.

“गाडी थांबवू नकोस,” थुसो म्हणाला.

“का काका, काकू वाट बघतायत?”

थुसो हसला नाही.

पुढे रस्त्यातच सिंहीण पिल्लांसह पहुडली होती. जीप आली तरी एरवी ती मानही वळवत नसे. आज तिनं मागच्या सीटकडे पाहिलं, कान पाडले आणि पिल्लांना घेऊन घाईनं गवतात शिरली.

तेवढ्यात मागची स्प्रिंग करकरली. कुणी उतरावं तशी जीप हलकी झाली.

मग सिंहीण गेली त्याच दिशेनं गवत वाकत गेलं.